विज्ञानपटातील इफेक्ट आणि कथा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात शनिवारी भरणाऱ्या आमच्या छोट्या पटकथा-वर्गात विज्ञानपट करू पाहणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत एकांकिका करून आलेली मुले आहेत, आयटीतली नोकरी सांभाळून लघुपट करणारे आहेत आणि ॲनिमेशनचा अभ्यासक्रम पूर्ण करून काम शोधणारेही आहेत. त्यामुळे काही उत्तरे कोणाला फारच प्राथमिक वाटतील. त्यांनी सरळ पुढच्या प्रश्नाकडे वळावे.

१. विज्ञानपटात कथा महत्त्वाची की इफेक्ट? एका शब्दात सांगा.

कथा.

एका शब्दाच्या पुढे जाण्याची मुभा असेल, तर हा प्रश्न मुळात पैसे आणि दिवस वाटून देताना उभा राहतो, हे आधी मान्य करावे. इफेक्ट हाही कथेतला एक प्रसंगच असतो आणि संवादाला जी अट लागू होते तीच त्यालाही लागू होते. त्या प्रसंगातून पात्राला काहीतरी कळले पाहिजे, मिळाले पाहिजे किंवा त्याच्याकडून हिरावले गेले पाहिजे. तसे काहीच झाले नाही, तर तो इफेक्ट ही सजावट ठरते. सजावट वाईट नसते, पण ती महाग असते.

२. स्पेशल इफेक्ट आणि व्हीएफएक्स यांत फरक काय?

कॅमेऱ्यासमोर, सेटवर प्रत्यक्ष घडवले जाते ते स्पेशल इफेक्ट : धूर, पाऊस, स्फोट, यंत्राने हलणारा प्राणी, प्रोस्थेटिक मेकअप (अंगावर चिकटवलेले कृत्रिम अवयव). चित्रीकरणानंतर संगणकावर जोडले, पुसले किंवा निर्माण केले जाते ते व्हिज्युअल इफेक्ट, म्हणजे व्हीएफएक्स. आपल्याकडची जुनी माणसे या सगळ्याला मिळून ‘ट्रिक सीन’ म्हणत, आणि ते नाव काही वाईट नव्हते. या पानावर जेथे फरक महत्त्वाचा नाही तेथे नुसते ‘इफेक्ट’ असे लिहिले आहे.

३. एखादा इफेक्ट कथेला खरोखर हवा आहे की नाही, हे पटकथा वाचताना कसे ओळखायचे?

वर्गात आलेल्या एका पटकथेचे उदाहरण देतो. तिच्यात शनिवारवाड्यावर परग्रहाचे यान उतरत होते. (यान म्हटले की शनिवारवाडाच का, हे कोडे मला आजवर सुटलेले नाही.) उतरण्याचे वर्णन चार पाने चालले होते आणि त्यासाठी बावीस शॉट योजलेले होते, परंतु त्या चार पानांत एकही माणूस काही करत नव्हता; सगळे जण नुसते वर बघत होते. आम्ही लेखकाला एकच प्रश्न विचारला, की हे पाहणाऱ्यांपैकी कोणाचे काय जाणार आहे?

त्याने आठवड्याने नवा मसुदा आणला. त्यात वाड्यासमोर गजरे विकणारी एक बाई आहे. टोपलीवरचे ओले फडके ती सारखे करत असते, तेवढ्यात फडक्यावरचे ऊन जाते. ढग आला असे समजून ती फडके काढून ठेवते, कारण सावलीत फुले झाकायची गरज नसते. मग रस्त्यावरची कुत्री गप्प होतात. हवालदार येऊन सगळ्यांना हटवू लागतो आणि ती म्हणते, “साहेब, माझी जागा गेली तर उद्या कोण देणार?” या वाक्यानंतर यान पहिल्यांदा आणि एकदाच, सहा सेकंद दिसते. बावीस शॉटचे तीन झाले. शिवाय त्या सहा सेकंदांत आपण यानाकडे तिच्या जागेवरून पाहतो, म्हणून ते मोठे वाटते.

यावरून आम्ही वापरतो ती चाचणी अशी : इफेक्टच्या ओळीवर बोट ठेवून ती झाकावी आणि तिच्या आधीची व नंतरची ओळ सलग वाचावी. कथा न अडखळता पुढे गेली, तर इफेक्टला रजा द्यावी. अडखळली, तर नेमकी कशाची उणीव भासली ते लिहून काढावे. पुष्कळदा ती उणीव एका सावलीने, आवाजाने किंवा चेहऱ्याने भरून निघते आणि उरलेल्या वेळीच खरा इफेक्ट लागतो. या चाचणीला न जुमानणारे चित्रपटही आहेत. त्यांच्याविषयी प्रश्न १२ पाहावा.

४. प्राणी, यान किंवा यंत्रमानव पडद्यावर किती वेळ दाखवावा?

ठरावीक प्रमाण नाही, पण १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’चा हिशेब डोक्यात ठेवण्यासारखा आहे. सुमारे १२७ मिनिटांच्या त्या चित्रपटात डायनासोर साधारण १५ मिनिटेच दिसतात, आणि त्यांतले संगणकावर घडवलेले काम जेमतेम ६ मिनिटांच्या आसपास भरते. बाकीचे प्राणी सेटवर बांधलेले, यंत्राने हलणारे होते. प्रेक्षकाला मात्र दोन तास डायनासोरच पाहिल्यासारखे वाटते. मोटारीतल्या पाण्याच्या पेल्यात उठणारी वर्तुळे हा त्यातला सर्वांत गाजलेला इफेक्ट. त्यासाठी पेल्याखाली गिटारची तार बसवून ती छेडली होती.

तथापि, दडवून ठेवणे हा दरवेळी गुणच असतो असेही नाही. अनेक लघुपटांत संपूर्ण वेळ अंधार, धूर आणि हलता कॅमेरा यांच्याआड काहीतरी दडवलेले असते आणि शेवटी दिग्दर्शकाकडे दाखवायलाच काही नव्हते हे उघड होते. पात्रापुढे दुसरा मार्ग उरलेला नसेल अशा क्षणी, निदान एकदा तरी, ती वस्तू पुरेशा उजेडात आणि स्थिर कॅमेऱ्याने दाखवावी.

५. आमच्याकडे पैसेच नाहीत. तरीही विज्ञानपट करता येईल का?

येईल, आणि याची उदाहरणे जुनी आहेत. १९६२ चा ‘ला जेते’ हा २८ मिनिटांचा फ्रेंच चित्रपट कालप्रवासाची गोष्ट जवळजवळ पूर्णपणे स्थिर छायाचित्रांतून सांगतो. १९६५ च्या ‘आल्फाव्हिल’मध्ये भविष्यातले नगर म्हणून त्या काळचे पॅरिसच रात्रीच्या वेळी चित्रित केले आहे, वेगळा सेट उभारलेला नाही. २००४ चा ‘प्रायमर’ सुमारे ७,००० डॉलरमध्ये तयार झाला. त्यातले कालयंत्र गॅरेजमध्ये जुळवलेली एक पेटी आहे, आणि ती पेटी खरी वाटते याचे कारण ती बनवणाऱ्या दोघा मित्रांचे बोलणे कामावरच्या इंजिनिअरांसारखे रूक्ष आणि अर्धवट आहे.

एकांकिका केलेल्यांना हे नव्याने शिकवावे लागत नाही. दोन लेव्हल (रंगमंचावरचे उंच चौथरे) आणि एक पिवळा स्पॉट (प्रकाशझोत) एवढ्यावर एसटी स्टँड उभे करण्याची सवय त्यांना असते. अडचण अशी, की हातात कॅमेरा आला की ती सवय ते विसरतात.

पुण्यापुरते बोलायचे, तर वेताळ टेकडीवरच्या दगडाच्या खाणीत सकाळच्या पहिल्या तासात परका ग्रह सापडतो. जिल्हा न्यायालय मेट्रो स्थानकाच्या खोल उतरत जाणाऱ्या सरकत्या जिन्यांवर काहीही न जोडता भविष्यकाळ दिसतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बीण-प्रकल्पाच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी विखुरलेल्या आहेत. द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या शेतांमागे अशी एक तबकडी आकाशाकडे तोंड करून उभी असलेली दिसली, की अर्धी पटकथा आपोआप सुचते. स्थानक आणि दुर्बीण या दोन्ही ठिकाणी रीतसर परवानगी लागते, आणि दुर्बिणींच्या परिसरात रेडिओ लहरी सोडणारी उपकरणे चालत नाहीत. म्हणून तेथे वायरलेस माइक नेण्याचा विचारही करू नये.

६. ग्रीन स्क्रीन घरच्या घरी लावता येते का? कापड कोणते घ्यावे?

लावता येते. पात्रामागे हिरवा पडदा लावून चित्रित करायचे, नंतर संगणकावर तो हिरवा रंग काढून तेथे हवे ते दृश्य बसवायचे, एवढीच ही युक्ती. कापड चमक नसलेले, जाड आणि चुणी न पडणारे असावे, आणि पात्रापेक्षा पडद्यावरचा प्रकाश वेगळा व सर्वत्र सारखा असावा. पात्र पडद्यापासून किमान आठ-दहा फूट पुढे उभे करावे, नाहीतर पडद्याचा हिरवा रंग त्याच्या गालांवर आणि केसांवर उतरतो. हिरवाच रंग रूढ होण्याचे एक कारण असे, की बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर दर चार बिंदूंपैकी दोन हिरव्यासाठी असतात. त्यामुळे त्या रंगाची माहिती सर्वांत स्वच्छ मिळते.

माझ्या पहिल्या लघुपटात मी मांडववाल्याकडून आणलेले तुकतुकीत हिरवे कापड एका मंगल कार्यालयाच्या भिंतीवर ताणले होते. नायिका नुकतीच लग्न झालेली अंतराळवीर होती, म्हणून तिच्या हातात हिरवा चुडा होता. ही कल्पना मला तेव्हा फार काव्यमय वाटली होती. संगणकावर हिरवा रंग काढताच चुडा गेला आणि तिचे दोन्ही तळहात मनगटापासून सुटून चंद्रावर तरंगू लागले. चारशेहून अधिक फ्रेमांत बांगड्या हाताने रेखून परत आणाव्या लागल्या. वेशभूषेत हिरवे असेल, तर पडदा निळा घ्यावा.

७. पाच सेकंदांच्या एका शॉटला एवढा वेळ का लागतो?

चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम या गतीने चालतो, म्हणजे पाच सेकंदांत १२० फ्रेम येतात. एका फ्रेमचे रेंडर, म्हणजे संगणकाने तिची अंतिम प्रतिमा तयार करणे, २० मिनिटांत होते असे धरले, तर एका संगणकावर ४० तास लागतात. मग दिग्दर्शक म्हणतो, “सावली जरा डावीकडे हवी होती,” आणि पुन्हा ४० तास जातात. २०१४ च्या ‘इंटरस्टेलर’मधल्या कृष्णविवराच्या काही फ्रेमांना प्रत्येकी १०० तासांपर्यंत वेळ लागला होता. म्हणून रेंडर सुरू करण्याआधी तोच शॉट राखाडी ठोकळ्यांनी कच्चा करून संकलनात बसवून पाहावा. वेळेचा आणि लांबीचा निर्णय तेथेच व्हावा.

८. मिनिएचर, म्हणजे छोट्या प्रतिकृती, आता कोणी करते का?

करतात. २००९ चा ‘मून’ सुमारे ५० लाख डॉलरमध्ये झाला आणि त्यात चंद्रावरच्या गाड्या प्रामुख्याने प्रतिकृती वापरून दाखवल्या आहेत. पुणेकरांना तर याचे शिक्षण लहानपणीच मिळालेले असते. दिवाळीत किल्ला करताना हळीव पेरले आणि ते वाढले, की एकेक पान मावळ्याच्या डोक्याएवढे दिसू लागते आणि किल्ला लहान असल्याचे गुपित फुटते. चित्रपटातही प्रतिकृतीचे गुपित असेच फुटते : पाण्याचे थेंब, ज्वाला आणि धूळ यांचा आकार लहान करता येत नाही.

दुसरी गोष्ट गतीची. लहान वस्तू पडते तेव्हा ती डोळ्याला चटकन पडल्यासारखी दिसते, म्हणून प्रतिकृती जास्त गतीने चित्रित करून नंतर संथ दाखवतात. हिशेब सोपा आहे : प्रतिकृती मूळ वस्तूच्या जितक्या पट लहान, त्या संख्येचे वर्गमूळ काढावे. यान १६ पट लहान असेल, तर चौपट गती म्हणजे सेकंदाला ९६ फ्रेम.

गणेशोत्सवातले हलते देखावे करणारे कारागीर या कामासाठी उत्तम. मोटार, तरफ आणि चाक यांतून हत्तीची सोंड कशी उचलायची हे त्यांना कागदाशिवाय कळते. मात्र श्रावणाच्या आधी त्यांना गाठावे. भाद्रपद उजाडला की ते फोन उचलत नाहीत.

९. इफेक्ट ‘खोटा’ का दिसतो? सॉफ्टवेअर तर तेच आहे, जे मोठे स्टुडिओ वापरतात.

बहुतेक वेळा दोष प्रकाशाचा असतो. चित्रीकरणाच्या ठिकाणी दुपारचे ऊन डावीकडून आलेले असते आणि जोडलेल्या यंत्रमानवावर ते समोरून पडते. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण खटकते. यावर उपाय म्हणून प्रत्येक शॉटनंतर त्याच जागी एक चकचकीत आणि एक राखाडी गोळा धरून दोन-तीन सेकंद चित्रित करावेत. चकचकीत गोळ्यात सभोवतालचे सगळे दिवे दिसतात, तर राखाडी गोळ्यावरून सावलीची धार कळते. गोळा नसेल, तर स्टीलचा स्वच्छ घासलेला डाव वेळ मारून नेतो.

दुसरा दोष वजनाचा. पाऊल पडते, पण जमीन दबत नाही, धूळ उडत नाही, शेजारचा माणूस किंचितही सरकत नाही. आणि तिसरा दोष कॅमेऱ्याचा : तो भिंतीतून आरपार जातो, यानाभोवती घिरट्या घालतो, थोडक्यात कोणत्याही माणसाला धरता येणार नाही अशा रीतीने फिरतो. उरलेला चित्रपट ज्या उंचीवरून आणि ज्या लेन्सने चित्रित झाला आहे, त्याच रीतीने इफेक्टचा शॉटही घ्यावा.

१०. विज्ञान किती अचूक असावे? कथेसाठी ते वाकवले तर चालते का?

चालते, परंतु काय वाकवले ते आपल्याला माहीत असले पाहिजे. ‘इंटरस्टेलर’साठी भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांनी समीकरणे पुरवली आणि त्यांवरून कृष्णविवराची प्रतिमा तयार झाली. त्या गणिताप्रमाणे भोवतालच्या तेजस्वी चकतीची आपल्याकडे येणारी बाजू अधिक उजळ आणि दूर जाणारी बाजू मंद दिसायला हवी होती. प्रेक्षकाचा गोंधळ होईल म्हणून चित्रपटात हा फरक जाणीवपूर्वक गाळला. २०१९ मध्ये एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची खरी प्रतिमा प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यातले कडे एका बाजूला स्पष्टपणे अधिक उजळ होते. माझ्या मते निर्णय तरीही योग्यच होता, कारण त्या प्रसंगात पात्रांचा प्रश्न वाया जाणाऱ्या वर्षांचा आहे, चकतीच्या तेजाचा नाही.

जेथे अचूकपणाच नाट्य देतो तेथे मात्र तो सोडणे हा निव्वळ आळस आहे. निर्वातात आवाज पोहोचत नाही हे प्रत्येक दहावीच्या मुलाला ठाऊक असते, आणि ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’मध्ये यानाबाहेर गेलेल्या माणसाचा फक्त श्वास ऐकू येतो, तो कोणत्याही स्फोटापेक्षा भीतिदायक आहे. जयंत नारळीकरांच्या कथा वाचून वाढलेला मराठी वाचक एक अशक्य गोष्ट विनातक्रार मान्य करतो. दुसरी आली की तो वही-पेन्सिल काढतो.

११. “पोस्टमध्ये बघू” असे म्हणून चित्रीकरण पुढे नेले तर काय बिघडते?

‘पोस्ट’ म्हणजे चित्रीकरणानंतरचे काम. हे वाक्य सेटवर फुकट असते आणि संकलनाच्या टेबलावर त्याचे बिल येते. वायर पुसणे, मागचा फलक काढणे यांसारखी कामे खरोखर नंतर होतात. पण पात्र कशाकडे बघते आहे, ते किती उंच आहे आणि कोणत्या वेगाने सरकते आहे, हे चित्रीकरणावेळी ठरले नसेल, तर चार नट चार दिशांना बघतात आणि ते कोणत्याही सॉफ्टवेअरने जुळत नाही. बांबूला बांधलेला टेनिसचा चेंडू एवढ्यासाठी पुरतो.

याच्याशी जोडून येणारा प्रश्न असा, की पूर्ण झालेला, खर्च झालेला शॉट काढून टाकावा का? काढावा. माझ्याच एका लघुपटात मुळा-मुठेच्या संगमावर दोन चंद्र उगवतात असा शॉट होता आणि त्यावर एकोणीस रात्री गेल्या होत्या. संकलनात असे दिसले, की आजोबा रेडिओवरची बातमी ऐकून गॅलरीचे दार लावून घेतात तेथेच प्रसंग पूर्ण होतो. त्यानंतरचे दोन चंद्र आपल्याला कळलेलीच गोष्ट पुन्हा सांगत होते. शॉट अजून माझ्या हार्ड डिस्कवर आहे. पाहुण्यांना दाखवतो.

१२. काही चित्रपटांत इफेक्ट हीच कथा असते. मग प्रश्न ३ मधली चाचणी कशी लागू होणार?

जशीच्या तशी होत नाही. १९०२ मध्ये चंद्राच्या डोळ्यात तोफगोळा घुसवणाऱ्या फ्रेंच दिग्दर्शक मेलिएस यांच्या चित्रपटात चमत्कार पाहणे हाच प्रेक्षकाचा हेतू होता. १९६८ च्या ‘२००१’मध्येही अंतराळयाने लांबच लांब वेळ वॉल्ट्झच्या तालावर नुसती फिरतात, संवाद बराच वेळ सुरूच होत नाहीत, आणि स्टॅन्ली कुब्रिक यांना वैयक्तिक म्हणून मिळालेले एकमेव ऑस्करही याच चित्रपटाच्या दृश्य-इफेक्टसाठी होते.

परंतु नीट पाहिल्यास तेथे दोन गोष्टी आढळतात. एक, शॉटची लांबी एवढी ठेवली आहे की प्रेक्षकाला विस्मयानंतर विचार करायलाही वेळ मिळतो. दोन, शेवटच्या रंगांच्या प्रवाहातसुद्धा मधून मधून माणसाचा डोळा आणि चेहरा येत राहतो. केवळ इफेक्टवर चित्रपट उभा करायचा असेल, तर या दोन्ही अटी पाळाव्यात. त्या पाळण्याची तयारी नसेल, तर आपला चित्रपट या अपवादात बसतो असे समजू नये.

१३. मराठी चित्रपटाला इफेक्टची परंपरा नाही आणि प्रेक्षक लगेच हॉलिवूडशी तुलना करतो. यावर काय करावे?

पहिला भाग खरा नाही. लॉ कॉलेज रस्त्यावर आज जेथे एफटीआयआय ही चित्रपटशिक्षण संस्था आहे, तो प्रभात कंपनीचा स्टुडिओ होता. तेथे १९३६ मध्ये तयार झालेल्या ‘संत तुकाराम’मध्ये तुकोबा विमानातून वैकुंठाला जातात. आजच्या डोळ्यांना त्या ट्रिक सीनचे सांधे दिसतात. तरी प्रसंग अंगावर येतो, कारण विमान वर जाते तेव्हा जिजाई खाली राहते आणि आपला जीव तिच्यात अडकलेला असतो. तो विज्ञानपट नव्हे, हे खरे. पण इफेक्ट आणि कथा यांचा जो तोल या पानावर शोधला जात आहे, तो आपल्या गावात तेव्हाच साधला गेला होता.

तुलनेविषयी दोन उदाहरणे पुरेशी आहेत. २०१६ मध्ये दृश्य-इफेक्टचे ऑस्कर सुमारे १.५ कोटी डॉलरच्या ‘एक्स माकिना’ला मिळाले, स्पर्धेत ‘स्टार वॉर्स’ मालिकेतला चित्रपट होता. ‘एक्स माकिना’तल्या यंत्रस्त्रीचा चेहरा आणि हात नटीचेच ठेवून बाकीचे शरीर यंत्राचे केले, म्हणजे अभिनयाला इफेक्टचा धक्का लागला नाही. २०२४ मध्ये तेच पारितोषिक ‘गॉडझिला मायनस वन’ या जपानी चित्रपटाला मिळाले. त्यातले ६१० शॉट ३५ जणांच्या चमूने केले होते आणि इफेक्टची सूत्रे दिग्दर्शकाच्याच हाती होती. इफेक्ट कळणारा माणूस पटकथेच्या पहिल्या बैठकीपासून खोलीत असला, की न लागणारे शॉट लिहिलेच जात नाहीत.

१४. एआयकडून इफेक्ट करून घेतले तर?

कच्च्या स्टोरीबोर्डसाठी, म्हणजे शॉटवार चित्रांच्या आराखड्यासाठी, अवश्य घ्यावेत. अंतिम शॉटसाठी अडचण अशी येते, की एका शॉटमधले यान दुसऱ्या शॉटमध्ये थोडे बदललेले असते, आणि “फक्त ती खिडकी मोठी करा” एवढी नेमकी दुरुस्ती सांगणे अजून त्रासाचे जाते. महोत्सवाला पाठवणार असाल, तर प्रवेशिकेचे नियम आधी वाचावेत. प्रकाश आणि वजन यांचे निकष येथेही तेच आहेत. ते प्रश्न ९ मध्ये आले आहेत.

१५. आम्ही सगळे पाळले, तरी पहिल्या प्रदर्शनात इफेक्ट येताच लोक हसले. आता काय दुरुस्त करायचे?

हसू नेमके कोणत्या सेकंदाला आले ते आधी टिपावे. इफेक्ट दिसताक्षणी आले, तर प्रतिमेत दोष असण्याची शक्यता आहे. दोन-तीन सेकंदांनी आले, तर शॉट लांबला आहे. कात्री लावून पाहावे. आणि कधी कधी कारण इफेक्टच्याही आधी दडलेले असते.

आमच्या वर्गातल्या एका लघुपटात दारात यंत्रमानव उभा राहिला की सभागृह हसत असे. दिग्दर्शकाने त्याची सावली बदलली, सांध्यांवर गंज चढवला, उंची चार इंचांनी वाढवली. पुढच्या खेळातही हसू आलेच. मग कोणीतरी आवाज बंद करून तो प्रसंग लावला, तेव्हा कोणी हसले नाही. दार वाजल्यावर आई आतून म्हणत होती, “बघ रे, कोण आलंय,” आणि नटीने ती ओळ दारात कुरिअरवाला उभा असावा अशी सहज म्हटली होती. ओळ काढली, आईला फक्त हात पुसत दारापर्यंत चालत जाऊ दिले. पुढच्या प्रदर्शनात सभागृह शांत राहिले. यंत्रमानव तोच होता.